सप्टेंबरचा अंक

बोरी अरब
१८ जून २०२४

आदरणीय मामा,
जय भीम.

परवा तुम्हाला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही उचलला, ‘हो, हो, बरं’ म्हणालात आणि ठेवलात. मी प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर ‘बरं’ असं होत नव्हतं. तुम्ही घाईत असाल. म्हणून लिहिते.

प्रेरणा आता साडेचार वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं तेव्हा ती रांगत होती आणि आपण सगळे म्हणत होतो की मुलगी शांत आहे. आता ती दळण न्यायला माझ्यासोबत येते आणि चक्की चालू असेपर्यंत भिंतीला गाल लावून उभी राहते. चक्कीवाला म्हणतो, ‘ताई, पोरगी पिठात माखून राह्यली.’ मी तिला ओढत नाही. भिंतीची ती थरथर, तिच्यापर्यंत तेवढंच पोचतं.

एक वर्ष कागद गोळा करण्यात गेलं. शेवटी नागपूरच्या एका ट्रस्टच्या यादीत तिचं नाव लागलं. ते दर वर्षी बारा मुलांची शस्त्रक्रिया करतात. कानाच्या आत यंत्र बसवतात आणि नंतर दोन वर्षं बोलायला शिकवतात. मार्चपासून महिन्याला एक, आणि प्रेरणाचा नंबर नववा आहे, म्हणजे नोव्हेंबर. त्यांचा नियम असा आहे की शस्त्रक्रियेच्या दिवशी मुलाला पाच वर्षं पूर्ण झालेली नसावीत. प्रेरणाला दोन डिसेंबरला पूर्ण होतात.

नंबर कधी कधी मागे जातात, असं तिथल्या बेबीताईंनी सांगितलं. त्या ऑफिसात बसतात. एखाद्या संस्थेचं शिफारसपत्र जोडलेलं असलं तर मागे ढकलत नाहीत. तुम्ही दिग्रसच्या सेवार्थ क्लबमध्ये आहात. क्लबच्या कागदावर चार ओळी आणि अध्यक्षांची सही, एवढंच हवं आहे.

संघदीप ट्रकवर आहेत, सध्या गुजरातेत. सासूबाई बऱ्या आहेत.

तुमची भाची,
दीपा


दिग्रस
२४ जून २०२४

चि. दीपा,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून वळणदार आहे. फोनचं मनावर घेऊ नकोस. फोनवर माणूस विचार न करता बोलतो, म्हणून मी तो टाळतो. यापुढे लिहीतच जा.

आमच्या क्लबची तुला पुरती कल्पना नसेल. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सभा असते. बाहेरगावचा एक वक्ता, मग कोणाला तरी काही मदत, मग फराळ. मे महिन्यात मधुमेहावर व्याख्यान झालं आणि नंतर जिलेबी होती. व्याख्यात्या डॉक्टरांनी स्वतः तीन घेतल्या. सगळी व्यापारी मंडळी आहेत, जिनिंगवाले, अडते. त्यांच्यात मी एकटा मास्तर आणि आपल्या समाजाचाही एकटाच. सतरा वर्षांपूर्वी मला घेतलं तेव्हा ‘यांना कशाला’ असं कोणीतरी म्हणालं होतं. ते मी ऐकलं होतं. आज ‘सेवार्थ वार्ता’ हा क्लबचा मासिक अंक माझ्यावाचून निघत नाही. अध्यक्ष राजकुमारजी मागच्या सभेत म्हणाले, ‘मास्तर नसले तर आपण काय केलं ते आपल्यालेच समजणार नाही.’ त्यांनी ते मला नंतर कागदावर लिहूनही दिलं, अंकात घेण्यासाठी.

तू चार ओळी मागितल्यास. मी तुझ्यासाठी त्याहून मोठं मागणार आहे. बाराच्या रांगेत नववं उभं राहण्याची पाळी आपल्या मुलीवर का यावी? थोडा धीर धर.

तुझा,
धर्मपालमामा


दिग्रस
२२ जुलै २०२४

चि. दीपा,
सप्रेम जय भीम.

काम झालं. लोहाऱ्याला ज्यांचा कारखाना आहे ते सुनीलभाऊ सप्टेंबरच्या सभेचे प्रमुख पाहुणे आहेत. प्रेरणाच्या शस्त्रक्रियेचा सगळा भार ते उचलणार आणि त्याची घोषणा १४ सप्टेंबरच्या सभेत स्वतः करणार. ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, शस्त्रक्रिया होईल. शिफारसपत्राची आता गरज नाही.

माझी एक पद्धत तुला सांगतो, कारण त्यात तुझं काम आहे. मी प्रत्येक वक्त्याकडून भाषण आधी लिहून मागवतो. सभेचा वृत्तांत त्यावरून तयार करतो आणि अंक सभेच्या आधीच छापून घेतो. मग त्या अंकाचं प्रकाशन त्याच सभेत त्याच पाहुण्याच्या हस्ते होतं. पाहुणा पुडकं सोडतो आणि आपण आता केलेलं भाषण छापलेलं पाहतो. आजवर एकही पाहुणा असा नाही जो चकित झाला नाही. दुसऱ्या क्लबांचे लोक विचारतात, हे कसं जमतं. आता ती आमची प्रथाच झाली आहे.

तेव्हा तू एक ‘लाभार्थी मनोगत’ लिहून पाठव. दहा ओळी पुरेत. घडून गेल्यासारखं लिही. प्रेरणाचा एक फोटोही पाठव. हसरा असावा.

तुझा,
मामा


बोरी अरब
१ ऑगस्ट २०२४

आदरणीय मामा,
जय भीम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आनंद झाला. मग थोडी भीती वाटली. जे मिळालेलं नाही त्याचे आभार कसे मानायचे, ते मला जमत नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, ‘पोरीच्या कानात अजून कोंबडा आरवला नाही अन् तू सकाळ झाली म्हणून सांगत सुटली?’ त्यांचं बोलणं तुम्हाला माहीत आहे.

तरी लिहिलं. सोबत जोडलं आहे. सहाच ओळी झाल्या. माझं नाव, मुलीचं नाव, सुनीलभाऊंनी शस्त्रक्रियेचा भार उचलला आहे, मी क्लबची आभारी आहे. त्याहून जास्त माझ्याकडून झालं नाही. फोटोत ती हसत नाही. फोटोवाला तिला ‘हस’ म्हणत होता.

नागपूरचं नाव मी काढलेलं नाही. ते राहू द्यावं असं मला वाटतं. शिफारसपत्रही मिळालं तर बरं. दोन दोर असलेले बरे.

दीपा


बोरी अरब
१५ सप्टेंबर २०२४

आदरणीय मामा,
जय भीम.

काल सभा संपल्यावर तुमच्याशी बोलता आलं नाही. दारव्ह्याची शेवटची गाडी गाठायची होती. सासूबाई पुढे निघाल्या होत्या आणि प्रेरणा माझ्या खांद्यावर झोपली होती.

सुनीलभाऊ आले नाहीत हे समजू शकते. निवडणूक तोंडावर आहे, तिकिटासाठी ते मुंबईला गेले असं राजकुमारजींनी सांगितलं. त्यांच्या जागी आलेले डॉक्टर गुडघ्यांवर चांगलं बोलले. सासूबाईंनी दोन व्यायाम आज करूनही पाहिले. अंकाचं पुडकं त्याच डॉक्टरांनी सोडलं. त्यांनी आत पाहिलं तेव्हा त्यांना सुनीलभाऊंचं भाषण दिसलं असेल. त्यांनी तो मिटून टेबलावर ठेवला.

राजकुमारजींनी नंतर माइकवर सांगितलं ते बरं झालं. ‘मास्तर, अंक आता कोणाले वाटू नका, टपालातही टाकू नका. सुनीलभाऊ येऊन जाऊ द्या, मंग पाहू.’ तुम्ही त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर होता आणि मान हलवली. म्हणून मी निश्चिंत आहे. ते येतील तेव्हा येतील, नागपूरचं नाव शाबूत आहे.

मला अंक पाहायला मिळाला नाही. एक प्रत ठेवून द्या.

दीपा


दिग्रस
१६ सप्टेंबर २०२४

चि. दीपा,
सप्रेम जय भीम.

तू आलीस, सासूबाईंना आणलंस, क्लबच्या सर्वांना बरं वाटलं. सुनीलभाऊ येऊ शकले नाहीत, पण त्याने काही अडत नाही. त्यांचं भाषण अंकात आहे आणि शब्द दिलेला आहे.

आज सकाळीच दीडशे अंक टपालात टाकले. यवतमाळ, पुसद, अमरावतीचे क्लब, आमचे देणगीदार, आणि नागपूरच्या तुझ्या त्या ट्रस्टलाही एक. आपण त्यांच्यावर अवलंबून नाही हे त्यांना कळलेलं बरं. पोस्टातल्या पोराने विचारलं, ‘मास्तर, या खेपेला लवकर?’ मी म्हटलं, आमच्याकडे उशीर नसतो.

तुझी प्रत सोबत पाठवत नाही, पुढच्या भेटीत देईन.

तुझा,
मामा


बोरी अरब
१९ सप्टेंबर २०२४

मामा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली.

तुम्ही टपालात टाकले? ते टाकू नका म्हणाले होते. मागे बसलेल्या मलाही स्वच्छ ऐकू आलं. नागपूरला तरी आजच फोन करा. नाहीतर मी करते. पण मी काय सांगू? क्लबनं सांगायला हवं.

उत्तर लगेच पाठवा.

दीपा


दिग्रस
७ ऑक्टोबर २०२४

चि. दीपा,
सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला. थोडा ताप होता.

अंकाचं माझ्या ध्यानातून गेलं. वय झालं आहे, आता एकाहत्तर. राजकुमारजींनाही मी तेच सांगितलं. ते चिडले, मग हसले. म्हणाले, ‘मास्तर, तुमी विसरले म्हणता, ठीक आहे. आता ते खोटं आहे असं आपणच गावोगाव लिहून द्याचं? लोक म्हणतीन मागचेही अंक असेच. सुनीलभाऊले काय वाटन?’ हे सगळं मी त्यांच्याकडून नंतर चिठ्ठीवर लिहूनही घेतलं, अशा गोष्टी लेखी असलेल्या बऱ्या.

तू काळजी करू नकोस. सुनीलभाऊंचं तिकिटाचं ठरलं की ते मोकळे होतील. नागपूरवाले आमचा अंक उघडून वाचत असतील असं मला वाटत नाही. एवढ्या संस्थांचे अंक येतात, कोण वाचतं?

तुझा,
मामा


बोरी अरब
९ नोव्हेंबर २०२४

मामा,

त्यांनी वाचला.

२६ तारखेची शस्त्रक्रिया होती. एक तारखेला पत्र आलं की मुलीला दुसरीकडून मदत मिळाल्यामुळे नाव कमी केलं आहे. मी प्रेरणाला घेऊन परवा नागपूरला गेले. बेबीताईंनी फाइल काढली. तिच्यात तुमच्या अंकाचं पान टाचलेलं होतं. वर प्रेरणाचा फोटो, खाली माझं मनोगत. त्या म्हणाल्या, ‘बाई, इथं तर तुम्हीच लिहिलंय की पोरगी ऐकते. मग ही कोण?’

मी ते पान पहिल्यांदा पाहिलं. माझ्या सहा ओळींच्या खाली सातवी ओळ आहे. ‘आज माझी प्रेरणा माझी हाक ऐकते आणि मागे वळून पाहते.’

हे वाक्य माझं नाही.

बेबीताई उठून प्रेरणाच्या मागे गेल्या आणि स्टीलचा डबा जमिनीवर टाकला. ऑफिसातले सगळे दचकले. प्रेरणा माझ्या बांगड्या मोजत होती. बेबीताईंनी डबा उचलला आणि साहेबांकडे गेल्या. परत येऊन म्हणाल्या की साहेबांना पटलं आहे, पण फाइलमध्ये कागद लागतो. अंकाच्या संपादकाने लेखी खुलासा द्यायचा. ही बातमी घडण्याआधी छापली, का छापली, आणि मनोगतातलं ते वाक्य कोणाचं आहे. १५ तारखेपर्यंत मिळालं तर २६ तारीख कायम ठेवतील.

तुम्ही स्वतः चला. मी दारव्ह्याला गाडीवर थांबते, मिळून जाऊ. त्यांच्यासमोर बसून सांगितलं तर एका दिवसात होईल.

दीपा


दिग्रस
१३ नोव्हेंबर २०२४

चि. दीपा,
सप्रेम जय भीम.

मला प्रवास झेपणार नाही. शिवाय अशा गोष्टी समोर बसून नीट होत नाहीत. लोक चारी बाजूंनी प्रश्न विचारतात. मी खुलासा काल स्पीड पोस्टने पाठवला आहे. वेळेत पोचेल. त्याची नक्कल ठेवली आहे. मजकूर असा:

‘सप्टेंबर २०२४ च्या अंकात पृष्ठ सहावर कु. प्रेरणा हिच्यासंबंधी आलेला मजकूर मुद्रणदोषामुळे छापला गेला आहे. त्याबद्दल दिलगीर आहोत.’

दिलगिरीचा कागद आहे, मुदतीच्या आत आहे. त्यांना आणखी काय हवं? तू २६ तारखेची तयारी कर. मुलीला सर्दी होऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा


बोरी अरब
१९ नोव्हेंबर २०२४

मामा,

त्यांनी खुलासा परत पाठवला. खाली साहेबांनी पेनने लिहिलं आहे की मुद्रणदोषात अक्षर चुकतं, अख्खा परिच्छेद आणि फोटो छापले जात नाहीत. क्लब काहीतरी लपवतो आहे असं त्यांना वाटतं. बेबीताई फोनवर म्हणाल्या, ‘ताई, मी भांडले. साहेब अजून दोन दिवस थांबतील. पण त्या माणसाला खरं लिहायला काय झालं?’

काल रात्रभर तुमची सगळी पत्रं काढून वाचली.

तुम्ही फोनवर ‘हो, हो’ म्हणता. राजकुमारजींचं कौतुक तुम्ही कागदावर लिहून घेतलं. सभेची बातमी तुम्ही सभेच्या आधी लिहिता. त्या दिवशी माइक तुमच्यापासून दोन हात होता.

मामा, तुम्हाला ऐकू येत नाही का?

येत नसेल तर तेच लिहा. मी तुम्हाला काहीही म्हणणार नाही. फक्त उद्या लिहा.

दीपा


दिग्रस
२४ नोव्हेंबर २०२४

चि. दीपा,
जय भीम.

तुझं पत्र वीस तारखेला मिळालं. चार दिवस टेबलावर होतं.

हो. डावा कान नऊ वर्षांपासून गेला आहे. उजवाही आता जवळजवळ नाही. लोकांच्या ओठांवरून थोडं कळतं, मिशीवाल्यांचं काहीच कळत नाही. राजकुमारजींना मिशी आहे. यंत्र घेतलं असतं, पण ते कानावर दिसतं.

पहिल्यांदा असं झालं की एका वक्त्याच्या भाषणातला एक शब्दही मला कळला नाही आणि वृत्तांत तर द्यायचा होता. मी त्याच्या घरी जाऊन कागद मागितला. पुढच्या वेळी आधीच मागितला. मग अंक आधीच तयार होऊ लागला, आणि राजकुमारजींनी त्याचं प्रकाशन करण्याची टूम काढली. टाळ्या मला दिसत होत्या. नऊ वर्षं कोणाला कळलं नाही. ज्यांना मला घ्यायचं नव्हतं ते अजून तिथेच आहेत. त्यांच्यासमोर मला बहिरा म्हणून बाहेर पडायचं नव्हतं.

राजकुमारजी अंक थांबवा म्हणाले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझं नाव घेऊन काही चांगलं बोलले. मी मान हलवली.

ते सातवं वाक्य मी घातलं. तुझ्या सहा ओळींनी परिच्छेद पुरा होत नव्हता. मला ते चांगलं वाटलं होतं.

आज रविवार आहे. हे सगळं ट्रस्टलाही लिहिलं आहे. उद्या सकाळी पोस्ट उघडलं की टाकतो.

धर्मपाल


दिग्रस
४ डिसेंबर २०२४

चि. दीपा,
जय भीम.

ट्रस्टचं पत्र मला परस्पर आलं. माझा खुलासा त्यांना अठ्ठावीसला मिळाला. सव्वीसची जागा त्यांनी एकवीसलाच तेराव्या नंबरच्या मुलाला दिली होती. साहेबांनी लिहिलं आहे की खुलासा समाधानकारक आहे, मात्र आता वयाची अट पूर्ण होत नाही. मी तीनदा वाचलं. ‘समाधानकारक’ हाच शब्द आहे.

सुनीलभाऊंना तिकीट मिळालं नाही. मी लोहाऱ्याला गेलो होतो. कारखान्याच्या फाटकावर तासभर थांबलो. चौकीदार काहीतरी सांगत होता. मग त्याने हाताने रस्ता दाखवला.

परवा प्रेरणाचा वाढदिवस झाला. तुम्ही काय केलंत?

धर्मपाल


दिग्रस
१५ डिसेंबर २०२४

चि. दीपा,

उत्तर आलं नाही. तू लिहिणार नाहीस हे मला समजतं. तरी प्रेरणा कशी आहे एवढं एका ओळीत कळव.

काल सभा झाली. अमरावतीचे एक गृहस्थ तणावमुक्त जीवनावर बोलले. लोक हसत होते, म्हणजे चांगलं बोलले असावेत. दहा घोंगड्या वाटल्या. क्लबला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवून गेलो होतो. राजकुमारजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला पुढच्या रांगेत नेऊन बसवलं.

जानेवारीचा अंक छापखान्यात आहे.

धर्मपाल


दिग्रस
२ जानेवारी २०२५

दीपा,

एक ओळ तरी.

धर्मपाल


बोरी अरब
११ जानेवारी २०२५

धर्मपाल मास्तर,
जय भीम.

मी मथुराबाई, दीपाची सासू. सांगून मी राह्यली, लिहून निकिता राह्यली. ते अंगणवाडीत दीपासंगं कामाले आहे. मी जसं बोलीन तसंच लिही म्हटलं तिले, आपल्या मनचं टाकू नको म्हटलं.

तुमची तीन पाकिटं आली, डिसेंबरापासून. दीपानं एकही उघडलं नाही. डब्यावर ठेवते अन् भाकरी थापाले बसते. मीच निकिताकडून वाचून घेतली. त्याच्या आधीचं लांब पत्र मातर तिनं सोताच वाचलं होतं. वाचलं, घडी घातली, अन् पोरीची येणी घालत बसली. मले म्हणे, ‘मामाले ऐकू येत नाही.’ मी म्हटलं, मंग? तर म्हणे, ‘मंग काही नाही.’

तुमी इचारलं पोरगी कशी आहे. सांगते. सहा तारखेले तिले यवतमाळले टाकलं, मुक्या पोरांच्या शाळेत. तिथंच राहते. मी, दीपा अन् माहा संघदीप, तिघंही गेलतो. पोरगी आमच्याआधी गेटाबाहीर येऊन उभी राह्यली, तिले वाटलं आता सगळेच घरी जाऊन राह्यलो. तिथल्या बाईनं तिचा हात धरला तवा तिले समजलं. संघदीपनं तोंड फिरवलं. दीपा रडली नाही. पोरगी वरडत होती, तिचं वरडणं तिले सोताले ऐकू येत नाही, म्हणून ते कुठं थांबवावं ते तिले समजत नाही. रस्त्यापर्यंत येत होतं.

त्या बाईनं दीपाले हातानं बोलणं दाखवलं थोडं. आता ते घरी बसून हात हालवत राह्यते. पाणी म्हणजे असं, भूक म्हणजे असं. मी इचारलं, बाई, काय म्हणून राह्यली? म्हणे, ‘तुमाले नाही समजणार.’ नाहीच समजत. मी साठी उलटलेली बाई, माहे हात वळत नाही. पोरगी सुट्टीत येईन तवा दोघी एकमेकीसंगं बोलतीन. मी पाहत बशीन.

मी बी कमी नाही केलं. पोरगी दोन वर्साची झाली तरी मी म्हणत होती, आमच्याकडं सगळेच उशिरा बोलतात. दवाखान्यात कायले नेतं म्हटलं. ते माह्या डोक्यावर आहे. ते मी कोणाच्या अंकात नाही छापलं, पण गावात सांगते. इचारलं त्याले सांगते.

तुमाले एकच इचाराचं होतं. उत्तर नको, इचारून टाकते बस. तुमी त्या खुर्चीवर बसून म्हटलं असतं, राजेहो, मले ऐकू येत नाही, तर काय झालं असतं? लोक हसले असते. आपल्याले तर लोक पयल्यापासूनच हसत आले मास्तर. आणखी एक डाव हसले असते.

आता लिहू नका. निकिताचं लगन ठरलं, फेब्रुवारीत ते पुसदले जाईन. मंग मले वाचून दाखवणारं कोणी राहत नाही. दीपाले वाचता येते. पण ते वाचणार नाही.

मथुराबाई
(अंगठा)